पंचवीस किलोमीटरचा डॉल्फिन

ज्या नकाशावर स्केल लिहिलेलं नाही तो नकाशा नसतो, चित्र असतं. आणि चित्रं काढायला पाणीपुरवठा खातं पगार देत नाही, असं काका नोकरीभर सांगत आले. निवृत्तीनंतर खातं सुटलं, स्केल सुटलं नाही. घरात पडदा लावायचा झाला की काकूंनी खुर्चीवर चढायचं आणि काकांनी खालून "डावीकडे तीन मिलिमीटर" म्हणायचं, हे इतकी वर्षं चाललं की सोसायटीत त्यांचं नावच मिलिमीटरकाका पडलं. तोंडावर सगळे नुसतं काका म्हणत. पाठीमागचं नाव काकांना ठाऊक होतं. त्यावर त्यांची तक्रार एवढीच होती, की ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बघत असत आणि लोकांनी ती अचूकता निम्म्यावर आणली होती.

अशा माणसाकडे सोसायटीचे सेक्रेटरी एक काम घेऊन आले. इमारतीचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि काकांच्या दोन्ही मुली संशोधक असल्यानं त्यांचा सत्कार करावा, असं कमिटीत ठरलं होतं. थोरली मुलगी नदीतल्या डॉल्फिनवर काम करायची. धाकटी मातीतल्या एका जिवाणूवर.

"थोरलीचं अर्धा तास बोलणं ठेवू," सेक्रेटरी म्हणाले. "डॉल्फिन म्हणजे सगळ्यांना आवडणार. फोटोबिटो असतीलच."

"आणि धाकटी?"

सेक्रेटरींनी चहाच्या कपात पाहिलं. "तिला पुष्पगुच्छ देऊ की. मोठा देऊ."

काकूंनी धाकटीला फोन लावला. ती दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात राहायची. फोन खाली ठेवून काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावू लागल्या. काका दारात उभे राहिले.

"काय म्हणाली?"

"येत नाही म्हणाली. ताईचे फोटो बघून झाले, की लोक माझ्याकडे वळून 'आणि तू?' म्हणतात. मी माती म्हटलं, की पुढं कोणी विचारत नाही, म्हणाली."

"लोकांना काय कळतं!"

"पुढं म्हणाली, बाबासुद्धा."

काकांना हे लागलं. मुलींमध्ये आपण कधी दुजाभाव केला नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान होता. दोघींना एकाच मापाचं टेबल, एकाच लांबीचे दिवे, एकाच जाडीच्या वह्या. लहानपणी केक कापायचा झाला तर ते कोनमापक घेऊन बसत. आणि आता म्हणे, बाबासुद्धा! त्याच संध्याकाळी त्यांनी सेक्रेटरींना कळवून टाकलं, की हॉलच्या मोठ्या भिंतीवर एक तुलनात्मक तक्ता लागेल, डॉल्फिन आणि जिवाणू, दोघांना सारखा न्याय, आणि तो तक्ता आपण स्वतः काढू. धाकटीला भिंतीवर तिचा जिवाणू दिसला, की तिचा राग जाईल, अशी त्यांची कल्पना होती.

ही बातमी जिन्यातून वर चढेपर्यंत सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "सोपं आहे. डॉल्फिन एवढा काढा आणि जंतूही तेवढाच काढा. झाली समानता."

"म्हणजे खोटं काढू?"

"खोटं कसं? पुस्तकात तसंच असतं."

"पुस्तकवाले काढत असतील," काका म्हणाले. "दोघंही एकाच स्केलनं निघतील. नाही तर तुलना कसली?"

थोरलीला फोन करून त्यांनी डॉल्फिनची लांबी विचारली. "मादी असेल तर साधारण अडीच मीटर," ती म्हणाली. 'साधारण' हा शब्द काकांनी मोठ्या मनानं सोडून दिला. जिवाणूसाठी त्यांनी कपाटातून धाकटीचा प्रबंध काढला. तो चार वर्षं तिथं होता आणि अगदी नवाकोरा राहिला होता. पानं एकमेकांपासून सोडवताना काकांना थोडं ओशाळं वाटलं, पण हवा असलेला आकडा सापडताच ते विसरले. अडीच मायक्रोमीटर.

अडीच मीटर आणि अडीच मायक्रोमीटर! बरोबर दहा लाख पट. काकांनी काकूंना हाक मारून हा आकडा दाखवला. इतका स्वच्छ भागाकार त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

पुढचा हिशेब असा होता. हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून दिसायचा, तर जिवाणू निदान अडीच सेंटिमीटरचा हवा. म्हणजे त्याला दहा हजार पट मोठा करायला हवं. मग डॉल्फिनही दहा हजार पट.

"पंचवीस किलोमीटर," काका म्हणाले.

"म्हणजे हॉलमध्ये मावणार नाही," काकू म्हणाल्या.

"हॉल कसला घेऊन बसलीस! गावात मावणार नाही."

इथं दुसऱ्या कोणीही पेन्सिल खाली ठेवली असती. पण काकांनी आयुष्यात पंचवीस किलोमीटरच्या तीन जलवाहिन्या कागदावर उतरवल्या होत्या. लांबीला ते घाबरणाऱ्यांपैकी नव्हते. गावाच्या नकाशावर डॉल्फिन झोपवायचा, चोचीचं टोक सोसायटीच्या फाटकाशी, शेपटी जिथं जाईल तिथं; म्हणजे लोकांना एका नजरेत समजेल. फक्त गावाचा आणि आजूबाजूचा चांगला नकाशा हवा होता, आणि तो त्यांच्याच जुन्या खात्यात मिळत असे.

खात्यात आता सगळे नवे चेहरे होते. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, मान वर करून काकांना वाचलं आणि पुन्हा अर्ज वाचला.

"नकाशा कशासाठी हवा, तिथं तुम्ही डॉल्फिन लिहिलंय."

"बरोबर आहे."

"मग मत्स्य खात्याची ना हरकत लागेल."

"डॉल्फिन मासा नसतो. तो सस्तन प्राणी आहे."

"मग पशुसंवर्धन खात्याची लागेल."

"अहो, खरा डॉल्फिन नाही. त्याची नुसती बाह्यरेषा. पंचवीस किलोमीटर लांब, जास्तीत जास्त रुंदी साडेचार."

कारकुनानं पेन टेकवून विचार केला. आकडे ऐकल्यावर त्याला जरा आधार वाटलेला दिसला. त्यानं 'डॉल्फिन' हा शब्द खोडून तिथं स्वतःच्या हातानं 'प्रस्तावित लांबट रचना' असं लिहिलं, शिक्का मारला आणि नकाशा दिला. खात्यातला हा प्रसंग काकांनी घरी येऊन खात्याच्या कार्यक्षमतेचा दाखला म्हणून सांगितला.

मग काका कामाला बसले. जेवणाच्या टेबलावर नकाशा, त्यावर ट्रेसिंगचा कागद, चारही कोपऱ्यांवर काकूंच्या डाळींचे डबे. थोरलीनं पाठवलेल्या फोटोंवरून ते एकेक अवयव उतरवू लागले, आणि उतरवता उतरवता या प्राण्याबद्दल त्यांना मनापासून आदर वाटू लागला. काय बांधणी होती! नुसती चोच साडेचार किलोमीटर. पाठीवर पंख म्हणावा असा पंख नाही, एक लांब, बुटका कंगोरा. आणि डोळा जवळजवळ नावालाच. हा प्राणी गढूळ नदीत राहतो, त्याला दिसत असं काही नाही. तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून अख्खी नदी ओळखतो. काठ, खडक, मासा, जाळं. काका पेन्सिल थांबवून काकूंना म्हणाले, "न बघता मोजतो हा. आमच्या खात्यात असता तर कुठल्या कुठं गेला असता."

बातमी बाहेर जायला वेळ लागला नाही. आधी दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले, म्हणे सहज. सहज आलेल्या माणसानं खिशातून चष्मा काढला आणि आपला दवाखाना शोधला. तो डॉल्फिनच्या चोचीत, वरच्या दातांच्या रांगेत आला होता. डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथूनच दोन पेशंटांना फोन करून तो सांगितला. मग योगशिक्षिका आल्या. त्यांच्या भावाचं घर उजव्या परात, म्हणजे पोहायच्या वल्ह्यात निघालं, आणि "तो लहानपणापासून चळवळ्याच," असं त्या म्हणाल्या. मग लोक वेळ न ठरवता येऊ लागले. ज्याची त्याची कचेरी, माहेर, बहिणीचं सासर डॉल्फिनमध्ये कुठं येतं, ते बघून जाऊ लागले.

बँक मॅनेजरांचा प्रसंग अवघड होता. त्यांनी आयुष्याची कमाई घालून गावाबाहेर नवा फ्लॅट घेतला होता. तो शेपटी सुरू होण्याच्या जरा आधी, खालच्या बाजूला, अशा जागी आला की काकांनी त्या जागेचं नाव घ्यायचं टाळलं.

मॅनेजरांनी नाव घेतलं. मग म्हणाले, "काका, एक किलोमीटर पुढं सरकवा ना. डॉल्फिनच तो, इकडंतिकडं होतच असेल."

"तो होत असेल. नकाशा होत नाही."

"मग निदान उलटा करा. पोट वर, पाठ खाली."

"उलटा केला तर तिथं सेक्रेटरींचे सासरे येतात."

मॅनेजरांनी क्षणभर विचार केला. "मग अडचण काय आहे?"

त्यानंतर खुद्द खात्यातून एक तरुण इंजिनियर येऊन थडकला. त्याच्या हातात अर्जाची प्रत होती. "तुमची पंचवीस किलोमीटरची प्रस्तावित रचना आमच्या मोठ्या टाकीवरून जाते," तो म्हणाला. "ती जमिनीखालून आहे की वरून?"

"ती पोहते," काका म्हणाले.

इंजिनियरला सगळं समजावून सांगावं लागलं, चहा द्यावा लागला आणि शेवटी त्याचं घरही शोधून द्यावं लागलं. ते कंगोऱ्यावर होतं. तो समाधानानं गेला आणि जाताना नकाशाचा फोटो काढून घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांचेही फोन येऊ लागले.

काका सुखावले होते. जलवाहिनीचा नकाशा बघायला आजवर कोणी दाराची बेल वाजवली नव्हती. त्या सुखात काकूंनी एकदा डाळीचा डबा उचलताना विचारलं, "अहो, हे तुम्ही धाकटीसाठी काढायला बसला होतात ना? तिचा कुठं आहे?"

"आता तोच काढायचा राहिलाय," काका म्हणाले आणि हिशेबाला बसले. थोड्या वेळानं त्यांनी हिशेब पुन्हा केला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केला.

गोष्ट अशी होती, की पंचवीस किलोमीटरचा डॉल्फिन भिंतीवर यावा म्हणून गावाचा नकाशा मुळातच पंचवीस हजार पट लहान होता. त्यावर डॉल्फिन एक मीटरचा आला. आणि अडीच सेंटिमीटरचा जिवाणू त्याच नकाशावर आला एक मायक्रोमीटरचा.

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे तो त्याच्या खऱ्या आकाराहूनही लहान झाला." काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "तसा डॉल्फिनही खऱ्याहून लहानच आहे."

"पण तो दिसतो," काकू म्हणाल्या.

सारखा न्याय द्यायला निघालेल्या काकांनी एका मुलीचा प्राणी गावभर पसरवला होता आणि दुसरीचा होता त्याहून बारीक करून पेन्सिलीच्या टोकाखाली हरवला होता. हिशेबात एकही चूक नव्हती, हे त्यांना सगळ्यात जास्त बोचलं. जिवाणू नुसताच मोठा करून काढावा, कोणाला कळणार नाही, असं डॉक्टरांनी सुचवलं. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टर दवाखान्यात, म्हणजे चोचीत, निघून गेले.

शेवटी काकांनी एक असाधारण गोष्ट केली. त्यांनी धाकटीला स्वतः फोन लावला. एरवी काकू बोलून झाल्या, की शेवटी "बाबाही विचारत होते" असं सांगत. तेवढ्यावर त्यांचं वडीलपण भागत आलं होतं.

"मी बोलतोय."

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. एक तांत्रिक अडचण आहे."

"मला कळलं सगळं," तिचा आवाज सपाट झाला. "गावभर ताईचा डॉल्फिन काढलात म्हणे. छान आहे म्हणतात."

"छान आहे. पण तुझा जंतू..."

"जिवाणू."

"जिवाणू नकाशावर दिसत नाही. एक मायक्रोमीटर येतो. मोठा करून काढला तर खोटं होईल, आणि नाही काढला तर..." काका थांबले. "नाही काढला, तर हा सगळा खटाटोप मी कशासाठी केला?"

तिनं विचारलं, "किती काढताय?"

"किती म्हणजे? एक. डॉल्फिन एक, जिवाणू एक. सारखी वागणूक."

"एक?" धाकटीचा सपाट आवाज एकदम वर चढला. "बाबा, तुम्ही मोठ्या टाकीचा नकाशा काढलात तर आत एक थेंब दाखवाल का?"

"छे!" काकांना कल्पनेनंच कसंतरी झालं.

"मग? एकटा जिवाणू आणलात तरी कुठून? जगात कुठं असतो तो एकटा? ऐका, तुम्ही आता काही करू नका. कशाला हात लावू नका. मी येते."

काकांनी फोन ठेवला. "चिडली आहे," ते म्हणाले.

"पण येतेय ना?"

"येतेय."

"मग चिडू दे," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

वर्धापनदिनाला हॉल भरला होता. जिवाणूवाली येणार म्हटल्यावर सेक्रेटरी दारातच उभे होते. त्यांनी धाकटीच्या पिशवीकडे बघत अवघडून विचारलं, "आत काही जिवंत नाही ना? म्हणजे असेल तर कमिटीचा ठराव लागतो."

"मी आहे," धाकटी म्हणाली. "बाकीचे तुमच्या या कुंड्यांत आधीपासूनच आहेत. त्यांच्यासाठी कधी ठराव झाला होता का?"

दातांच्या डॉक्टरांनी शेजारची कुंडी पायानं हळूच लांब सरकवली.

आधी थोरली बोलली. अर्धा तास दिला होता, तिनं पंधरा मिनिटंच घेतली. डॉल्फिन एका कुशीवर कलंडून, एक पर तळाशी घासत कसा पोहतो, ते तिनं स्वतः कलंडून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं धाकटीला हात धरून पुढं आणलं आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसली.

हॉलमध्ये खुर्च्या करकरू लागल्या. "आता माती," कोणीतरी मागं पुटपुटलं. काका भिंतीपाशी छडी घेऊन उभे होते.

धाकटी सरळ चहाच्या टेबलापाशी गेली. तिथून दोन चहाचे चमचे उचलून परत आली.

"बाबांनी माझा जिवाणू काढला नाही, कारण तो दिसला नसता," ती म्हणाली. "त्यांचं बरोबर आहे. पण मी प्रयोगशाळेत तो पाण्यात वाढवते. पाणी दाट गढूळ झालं, की एका चमच्यात किती असतात? पाचशे कोटी. ते सगळे एकापुढे एक ओळीनं लावले... मोठे न करता, आहेत तेवढेच. बाबा, किती होतील?"

काकांचे ओठ हलू लागले. हॉलमध्ये सगळे त्यांच्याकडे बघत होते. "पाचशे कोटी गुणिले अडीच मायक्रोमीटर," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मोठे केले. "साडेबारा किलोमीटर!"

"दाखवा."

काकांची छडी सोसायटीच्या फाटकापासून निघाली. चोच, दवाखाना, डोळा, मोठी टाकी असं करत ती डॉल्फिनच्या पोटाच्या मध्यावर थांबली. धाकटीनं दुसरा चमचा वर केला. छडी पुन्हा चालू लागली, बँक मॅनेजरांच्या फ्लॅटवरून गेली आणि शेपटीच्या शेवटच्या टोकावर, मिलिमीटरचाही फरक न पडता, थांबली.

दोन चमचे. मागच्या रांगांतले लोक नकाशा नीट दिसावा म्हणून उठून उभे राहिले.

मग धाकटी सांगत गेली. तोही पोहतो. मातीच्या दोन कणांमधल्या पाण्याच्या पापुद्र्यात पोहतो, आणि एका सेकंदात स्वतःच्या लांबीच्या दहापट जातो. काका मध्येच म्हणाले, की डॉल्फिनला हे जमवायचं तर ताशी नव्वद किलोमीटरनं पळावं लागेल. थोरली पहिल्या रांगेतून म्हणाली, "नाही जमणार बाबा, माझा आळशी आहे." लोक हसले. अन्न संपलं, की हा जिवाणू आपला सगळा कारभार आवरून एका कठीण कवचात बसतो. ना खाणं, ना पिणं. वर्षानुवर्षं. आणि एक दिवस ओल लागली, की उठून काल जिथं काम सोडलं तिथून पुढं सुरू करतो.

"आमच्या खात्याचं उलट आहे. ओल दिसली, की आम्ही कवचात जातो," इंजिनियर मागून म्हणाला. तोही आला होता.

मग थोरली उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आभार मानणार. ती नकाशाकडे बघत होती.

"बाबा, माझाही एक हिशेब करा. आमच्या सगळ्या नदीत मिळून आता पाचेक हजार डॉल्फिन उरलेत. सगळे मोठे धरा, अडीच मीटरचे. ते ओळीनं झोपवले, तर कुठवर जातील?"

काकांना छडी उचलायला वेळ लागला. ती त्याच वाटेनं गेली आणि पोटाच्या मध्यावर थांबली.

"साडेबारा किलोमीटर," ते हळू आवाजात म्हणाले.

"म्हणजे हिचा एक चमचा," थोरली म्हणाली आणि धाकटीच्या हातातला एक चमचा काढून घेऊन बघत राहिली. "माझ्याकडचे सगळे मिळून."

बँक मॅनेजर उठून उभे राहिले. "म्हणजे माझ्या फ्लॅटपर्यंत ते पोचतच नाहीत?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काल-परवापर्यंतची तक्रार औषधालाही उरली नव्हती. "कमी का झाले हो एवढे?"

थोरली सांगू लागली, बांध, जाळी, पाण्यात येणारी घाण. घाण म्हटल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, थांब, त्यातलं काही खाणारे आमच्याकडे आहेत," आणि दोघी एकमेकींचं वाक्य तोडत, पुरं करत बोलत सुटल्या. प्रश्न निम्मे एकीला होते, निम्मे दुसरीला. काकांकडे आणि त्यांच्या नकाशाकडे कोणी बघत नव्हतं. त्यांना थोडं वाईट वाटलं. ते मोजायच्या आतच विरून गेलं.

लोक पांगले. खुर्च्या घडी घालून भिंतीला लागल्या. काकू आणि थोरली पुढं घरी गेल्या. धाकटी नकाशापुढं उभी होती.

"सुरेख काढलाय," ती म्हणाली.

"स्केल बरोबर आहे," काका म्हणाले.

"बाबा, एवढा घाट कशाला घातलात? तू काय करतेस, असं एकदा विचारलं असतंत तर मी दहा मिनिटांत सांगितलं असतं."

काकांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"दहा मिनिटांत मला कळलं नसतं," ते म्हणाले.

धाकटी हसली. तिनं भिंतीला लावलेल्या दोन खुर्च्या पुन्हा उघडल्या, समोरासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "मग बसा."

काका बसले. ती सांगू लागली. काकांनी पहिल्याच वाक्याला शंका विचारली, आणि ती शंका तिच्या गाइडनंही विचारली होती, असं ती म्हणाली. काकू जेवायला बोलवायला दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा काकांनी मान न वळवता "आलोच, पाच मिनिटं" असं सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दिलेलं माप साफ चुकीचं निघालं.